पंचफुलाबाईचा पाहुणचार

चिखलदऱ्याच्या उतारावर, सिल्व्हर ओकच्या सावलीत पंचफुलाबाईची कॉफी होती. खत शेणाचं, फवारणी नाही. राग मात्र चांगला पोसलेला.

राग अमरावतीच्या श्यामवर. श्याम कॉफीचा चवपारखी. त्याच्या जिभेच्या भरवशावर बंगळुरूचे व्यापारी माल उचलत. गेल्या हिवाळ्यात तो मळ्यावर आला, तेव्हा लेकाची सासू सत्यवतीबाई तेल्हाऱ्याहून पहिल्यांदाच घरी आलेली. पंचफुलाबाईनं दोघांना कप दिले. श्यामनं सुर्रकन घोट ओढला, तोंडात घोळवला आणि पचकन रांगोळीवर थुंकला.

पारखी थुंकतातच, असं तिच्या लेकानं, योगेशनं वारंवार समजावलं. पण विहीणबाई घरी पोचायच्या आत गोष्ट तेल्हाऱ्याजवळच्या हिवरखेडपर्यंत गेली होती : पंचफुलाच्या हातचं लोक थुकून टाकतात.

यंदा व्यापारी स्वतः यायचे होते. आदल्या संध्याकाळी श्याम मुक्कामाला आला. बाईनं गोवऱ्यांवर भाजलेल्या रोडग्यांचा बेत केला. वांग्याच्या भाजीवर तर्री अशी, की नुसतं पाहून घाम फुटावा. पहिल्याच घासाला श्यामचे डोळे वाहू लागले. तो तोंड दाबून अंगणाकडे निघाला.

"अन्न हाय भाऊ," बाई शांतपणे म्हणाली. "गिळा. बसा."

तो बसला. मग आग्रह सुरू झाला, आणि वऱ्हाडी आग्रहापुढे कुणाचा नकार टिकल्याचं ऐकिवात नाही. तोंडी लावायला ठेचा होता. तूप संपलं होतं, असं बाई म्हणाली.

सकाळी व्यापाऱ्यांनी तीन वाट्या मांडल्या : एक बाईच्या कॉफीची, एक शेजारच्या मळ्याची, आणि पारख्याचीच परीक्षा म्हणून एक स्टँडवरच्या टपरीतल्या पावडरीची. श्यामची जीभ अजून बधिर होती. पण तसं कबूल करायची त्या धंद्यात रीत नाही. त्यानं डोळे मिटून घोट घेतले आणि टपरीच्या वाटीवर बोट ठेवलं. हीच पंचफुलाबाईंची, म्हणाला. संत्र्याच्या बहराचा वास, शेवटी मधाची गोडी.

व्यापाऱ्यांनी एकमेकांकडे पाहिलं आणि गाडी वळवली. श्यामला परत बोलावणार नाहीत, हे त्यांनी सांगितलं नाही. त्याला ते कळलं. त्यानं शिफारस केलेला मालही नको झाला, हे योगेशला कळलं.

"माय, आपलीच कॉफी पडून राहिली ना," तो म्हणाला.

"राहू दे." बाईनं पदर खोचला. "तुह्या सासूले फोन लाव. म्हणाव, तो पाहुणा आला होता. पोटभर जेवला."