धुराचा नवा पत्ता

वाळत घातलेल्या कपड्यांवर काजळी बसली, की माणूस दोन गोष्टी करतो. कपडे झटकतो आणि शेजाऱ्याला नावं ठेवतो. आपल्या गोष्टीतल्या गल्लीने या दोन्ही गोष्टी अकरा वर्षं इमानेइतबारे केल्या. गल्लीच्या टोकाला एक बेकरी होती. तिथल्या विटांच्या भट्टीचा धूर ठेंगण्या चिमणीतून निघायचा आणि न बोलावता घराघरांत शिरायचा. लोक खिडक्या लावून घ्यायचे, खोकायचे, चिडायचे आणि संध्याकाळी त्याच बेकरीतून गरम पाव घेऊन यायचे. वाचकहो, हसू नका. आपल्यापैकी बहुतेकांच्या गल्लीत असंच चालतं.

शेवटी कंबर कसली ती टेलरबाईंनी. त्यांचं शिलाईचं मशीन पुढच्या खोलीत, खिडकीला लागून होतं. एके दिवशी गिऱ्हाइकाच्या पांढऱ्या सदऱ्यावर काजळीचे ठिपके पडले आणि त्यांचा पारा चढला. त्यांच्या नऊ वर्षांच्या मुलीलाही खोकला असायचा. मुलगी एका जागी कधी ठरत नसे, म्हणून सगळे तिला भिंगरी म्हणत. टेलरबाई घरोघर फिरल्या. "तुम्ही नुसतं कुरकुरता, सही करायची वेळ आली की चष्मा सापडत नाही," असं तोंडावर सांगून त्यांनी बासष्ट सह्या गोळा केल्या आणि 'चिमणी उंच करा' असा तो कागद बेकरीवाल्या काकांच्या हातात ठेवला.

काका माणूस वाईट नव्हता. दोन दिवस फुगून बसले, तिसऱ्या दिवशी गवंडी बोलावला आणि चिमणी पंधरा फुटांनी उंच केली. धूर गल्लीच्या डोक्यावरून निघून गेला. काय आनंद झाला लोकांना! निवृत्त पोस्टमास्तरांच्या अंगणात चहा झाला, पोस्टमास्तरांनी भाषण केलं आणि टेलरबाईंना "आपल्या गल्लीची वाघीण" म्हटलं. बाईंच्या अंगावर मूठभर मांस चढलं. नवरा बसवर ड्रायव्हर होता. तो कामावरून आल्यावर त्यालाही त्यांनी ते भाषण दोनदा ऐकवलं.

भिंगरीचा खोकला मात्र गेला नाही. उलट वाढला, दोनदा तर दम्याचा झटका आला. "शाळेत खडूची धूळ असते," टेलरबाई म्हणायच्या. "नळाचं थंड पाणी पितेस तू." तिचं गिरक्या घेणं हळूहळू बंद झालं होतं, आणि आईला वाटत होतं पोरगी शहाणी झाली.

चार महिन्यांनी शाळेतून निरोप आला, ताबडतोब या. शाळा गल्लीच्या मागच्या चढावर होती. बाई मापाची टेप गळ्यात तशीच ठेवून धावत सुटल्या. दुसऱ्या मजल्यावरच्या वर्गात भिंगरी बाकावर पुढे वाकून बसली होती. खांदे वर-खाली होत होते, ओठ निळसर पडले होते, आणि बोलायला गेली तर नुसता शिट्टीसारखा आवाज येत होता.

"अहो, खिडकी तरी उघडा," त्या वर्गशिक्षिकेला म्हणाल्या. "हवा नको का तिला?"

"उघडून बघा तुम्हीच," शिक्षिका थकल्या आवाजात म्हणाल्या.

बाईंनी कडी काढली आणि पल्ला ढकलला. समोर, थेट नजरेच्या पातळीवर, बेकरीची उंच चिमणी होती. दुसऱ्या पाळीचा जाळ नुकताच लागला होता. चिमणीच्या तोंडातून निघालेला काळपट पिवळा धूर सरळ वर्गाकडे येत होता. त्याला लाकडाचा वास नव्हता. काहीतरी जळक्या रंगासारखा उग्र वास होता.

"चार महिने झाले," शिक्षिका म्हणाल्या. "खिडक्या लावल्या तर मुलं उकडून निघतात, उघडल्या तर खोकतात. एक्केचाळीस मुलांत रोज सात-आठ गैरहजर."

टेलरबाईंनी खिडकी लावली. चार महिन्यांपूर्वी काय झालं होतं, हे त्यांना कुणी सांगायची गरज नव्हती.

दवाखान्यात डॉक्टरबाईंनी भिंगरीला मशीनची वाफ दिली. अर्ध्या तासाने मुलीचा श्वास सुधारला आणि ती झोपली. डॉक्टरबाई पन्नाशीच्या, फटकळ आणि गल्लीतल्या प्रत्येकाची छाती ओळखून असलेल्या. त्यांनी टेलरबाईंना समोर बसवलं.

"हा तिसरा झटका. रविवारी कशी असते ही?"

"रविवारी बरी असते."

"आणि सुट्टीत?"

"सुट्टीत तर अगदी ठणठणीत होती."

डॉक्टरबाईंनी कपाटातून केसपेपरचे दोन गठ्ठे काढून टेबलावर ठेवले. "हा गठ्ठा मागच्या वर्षीचा. खोकला, दमा, डोळ्यांची आग. पत्ते वाचा, सगळे तुमच्या गल्लीतले. आणि हा यंदाचा. तेच आजार, तीच औषधं. पत्ते कुठले आहेत?"

टेलरबाईंनी वाचलं. चढावरची घरं. शाळेतली मुलं. शाळेला लागून असलेल्या वृद्धाश्रमातले म्हातारे.

"तुम्ही धूर घालवलात असं तुम्हाला वाटलं," डॉक्टरबाई म्हणाल्या. "तुम्ही त्याला फक्त नवा पत्ता दिलात. धुरातले कण इतके बारीक असतात, की नाकातल्या केसांनाही दाद देत नाहीत. सरळ फुप्फुसात उतरतात. मोठ्या माणसाचं एक वेळ निभावतं. लहान मुलांची फुप्फुसं अजून वाढत असतात, त्यांचं झालेलं नुकसान जन्मभर पुरतं."

"मग मी काय करू? तिची शाळा बदलू?"

"बदला की. भिंगरी वाचेल. तिच्या बाकावर दुसरी मुलगी येऊन बसेल, तिला माझ्याकडे पाठवा. आणि शाळा बदलायची नसेल, तर धूर थांबवा. हे असंच चालू राहिलं, तर मला हिला वर्षभर घरी बसवा असं लिहून द्यावं लागेल. चौथ्या झटक्याला तुम्ही वेळेत पोचालच, याची मला खात्री नाही."

असं स्पष्ट बोलणारं माणूस प्रत्येक वस्तीत एक तरी असायला हवं. आपण त्यांना फटकळ म्हणतो आणि अडचण आली की त्यांचंच दार वाजवतो.

टेलरबाई तिथून निघाल्या त्या तरातरा बेकरीच्या मागच्या अंगणात गेल्या. काका लाकडं फोडत होते. "काका, जाळता तरी काय तुम्ही?" बाईंनी विचारलं. "त्या धुराला रंगाचा वास येतो. माझी पोर मरता मरता वाचली."

काकांनी कुऱ्हाड खाली ठेवली. भिंगरीचं ऐकून त्यांचा चेहरा पडला, पण आवाज चढला. "चिमणी उंच करा म्हणालात, केली. आता लाकडावर घसरलात? लाकूड कुणाचं आहे ते आधी बघा की!"

बाईंनी ढिगाकडे पाहिलं. पोस्टमास्तरांची मोडकी आरामखुर्ची, वॉर्निशसकट. कुणाच्या तरी स्वयंपाकघराची प्लायवूडची दारं. हिरवा रंग दिलेली खिडकीची चौकट. गल्लीची ही जुनी रीत होती. घरातलं फर्निचर मोडलं, की ते बेकरीच्या दारात आणून ठेवायचं. घरातली अडगळ जाते आणि काकांना जळण मिळतं, म्हणजे शेजारधर्मच. ढिगाच्या खालून एक निळी फळी डोकावत होती. तिच्यावर पिवळी फुलं रंगवली होती. ती फुलं टेलरबाईंनी स्वतःच्या हाताने रंगवली होती, भिंगरीच्या पहिल्या कपाटावर. मागच्या महिन्यात कपाटाचा पाय मोडला, तेव्हा त्यांनीच ते नवऱ्याकरवी इथे पाठवलं होतं. त्यातली आता ही एवढी एकच फळी उरली होती.

आपल्या लेकीचं कपाट जळून त्याचा धूर आपल्याच लेकीच्या छातीत गेला! बाई लाकडाच्या ओंडक्यावर मटकन बसल्या आणि पदर तोंडाला लावून रडल्या. काकांना काय करावं कळेना. त्यांनी पाण्याचा तांब्या आणून शेजारी ठेवला.

"मला खरंच ठाऊक नव्हतं, ताई," ते म्हणाले. "लाकूड ते लाकूड, असंच समजत आलो मी."

"मी तरी कुठे वेगळं समजत होते?" बाईंनी डोळे पुसले. "चूक तुमची एकट्याची नाही, काका. उद्या सगळ्यांना बोलावते."

दुसऱ्या दिवशी पोस्टमास्तरांच्या अंगणात गल्ली पुन्हा जमली. वाघीण पुन्हा काहीतरी जिंकून आली असणार, या समजुतीने लोक आले होते. टेलरबाई उभ्या राहिल्या. गळ्यातली मापाची टेप त्यांनी मुठीत घट्ट धरली.

"चार महिन्यांपूर्वी तुम्ही माझं कौतुक केलंत," त्या म्हणाल्या. "ते मी परत करायला आलेय. आपला धूर गेला नाही. तो आपल्याच मुलांच्या वर्गात गेला. आणि त्यात जळत होतं ते आपल्याच घरातलं फर्निचर. मी सह्या घेत फिरले, तेव्हा एकदाही मनात आलं नाही, की आपल्या छपरावरून गेलेला धूर पुढे कुठे उतरतो. चिमणी उंच करा म्हणणारी मीच होते. मी चुकले."

पोस्टमास्तरांनी घसा साफ केला. "पण बाई, आपल्याकडे तर आता त्रास नाही. शाळेने तक्रार करावी, वरच्या लोकांनी करावी. आपण कशाला आपल्याच बेकरीच्या पोटावर पाय आणायचा? हवं तर भिंगरीला दुसऱ्या शाळेत घाला."

"तुमची नात कुठल्या वर्गात आहे, मास्तर?" मागच्या बाकावरून डॉक्टरबाईंनी विचारलं.

"तिसरीत."

"म्हणजे पुढच्या वर्षी त्याच खोलीत. मी तिच्यासाठी एक केसपेपर कोरा ठेवते."

मास्तरांनी बायकोकडे पाहिलं. ती केव्हाच उठून उभी राहिली होती. "आपली खुर्ची मी आजच परत आणते," ती म्हणाली, आणि सगळी सभा हसली. घोडं अडलं ते पुढे. रंगीत लाकूड बंद केल्याने विष कमी होईल, पण साध्या लाकडाचाही धूर छातीला वाईटच, असं डॉक्टरबाईंनी स्पष्ट सांगितलं. गॅसची भट्टी आणली तरच खरा इलाज होता. सगळ्यांच्या नजरा काकांकडे वळल्या.

"ती भट्टी माझ्या वडिलांनी बांधलीय," काका हळूच म्हणाले. "वीट न् वीट त्यांच्या हातची. गॅसवर पावाला ती चव येणार नाही. चव गेली, की तुम्हीच पाठ फिरवाल. मग मी कुणाच्या तोंडाकडे बघू?"

हा प्रश्न खरा होता. शुद्ध हवा सगळ्यांना हवी असते, पण तिच्यासाठी झीज सोसायची ती एका बेकरीवाल्यानेच, असं आपण किती सहज ठरवून टाकतो! टेलरबाईंना ते बरोबर कळलं. त्यांनी पर्समधून कागद काढला.

"गेल्या वेळी मी तुमच्या विरुद्ध सह्या घेतल्या, काका. या वेळी तुमच्यासाठी घेते. वर्षभर प्रत्येक घर पाव तुमच्याकडूनच घेईल. चव उतरली तरी घेईल. आणि रंगीत लाकूड कुणीही कुणाच्या दारात टाकणार नाही." सगळ्यांत आधी त्यांनी स्वतः सही केली. या वेळी कुणाचाही चष्मा हरवला नाही. बासष्ट घरांनी सह्या केल्या, आणि चढावरची सव्वीस घरं आपण होऊन आली.

दोन महिन्यांनी गॅसची भट्टी सुरू झाली. पहिल्या दिवशी काकांच्या पाचावर धारण बसली होती. त्यांनी दोन टोपल्या मांडल्या. एका टोपलीत जुन्या भट्टीतला शेवटचा पाव होता, दुसरीत नव्या भट्टीतला पहिला. कोणता कुठे, हे त्यांनी सांगितलं नाही. पोस्टमास्तरांनी डोळे मिटून दोन्ही चाखले आणि उजवीकडच्या टोपलीवर हात ठेवला.

"हा भट्टीतला. ही चव गॅसला जन्मात यायची नाही."

"मास्तर," काका म्हणाले, आणि गेल्या दोन महिन्यांत ते पहिल्यांदाच हसले, "हा गॅसवरचा आहे."

गल्लीत इतका हशा कधी पिकला नव्हता. काकांचा जीव भांड्यात पडला. मास्तरांनी मोठ्या मनाने हार मानली आणि त्याच टोपलीतले आणखी तीन पाव खाल्ले.

मग एका सकाळी गवंडी पुन्हा आला. या वेळी तो चिमणी उतरवायला आला होता. शाळेच्या दुसऱ्या मजल्याच्या खिडक्या सताड उघड्या होत्या, आणि प्रत्येक खिडकीत मुलांची डोकी खचाखच भरली होती. वीट खाली आली, की वरून आरोळी उठायची. काका खाली उभे राहून विटा मोजत होते, वडिलांच्या आठवणीने डोळे पुसत होते आणि मुलांना हातही करत होते. शिक्षिका हजेरीपट घेऊन खिडकीशी आल्या आणि त्यांनी खाली उभ्या असलेल्या टेलरबाईंना ओरडून सांगितलं, "एक्केचाळीसपैकी एक्केचाळीस!"

त्या वर्षी डॉक्टरबाईंच्या केसपेपरचा गठ्ठा निम्म्याहून कमी झाला. भिंगरीचं औषध अजून दप्तरात असतं, पण सहा महिन्यांत तिला एकही झटका आला नाही.

वाचकहो, आपल्या अंगणातली घाण पलीकडे ढकलली, म्हणजे ती नाहीशी होत नाही. पलीकडेही कुणाचं तरी मूल श्वास घेत असतं, आणि पुष्कळदा ते आपलंच असतं. हवेला कुंपण घालता येत नाही, म्हणून ती सगळ्यांनी मिळूनच राखावी लागते. आणि त्यासाठी ज्याला सगळ्यांत जास्त झीज सोसावी लागते, त्याच्या पाठीशी उभं राहायचं काम उरलेल्यांचं असतं.

चिमणी उतरली त्या दुपारी टेलरबाई मुलीला आणायला शाळेत गेल्या. भिंगरी फाटकातून सुटली ती चढ उतरून गल्लीपर्यंत गेली, पुन्हा धावत वर आली आणि आईभोवती तिने दोन गिरक्या घेतल्या. तिला गाठता गाठता बाईंनाच दम लागला. त्या कमरेवर हात ठेवून रस्त्यातच थांबल्या. मुलगी त्यांच्याकडे काळजीने बघत म्हणाली, "आई, तुला डॉक्टरबाईंकडे नेऊ का?"