सत्तर हजारांत बसणारी सायकल

बंडूनं कोर्टात रुमालानं डोळे पुसले, तेव्हाच मी ठरवलं का या माणसाले सोडायचं नाही.

अकरा वर्षं मी त्याची बायको होती, पण याले रडता येते हे मले त्या दिवशी समजलं. अकोल्यात बियाण्याचं अन् फवारणीच्या औषधाचं भरलेलं दुकान, दोन गोदामं, अन् जजसाहेबांपुढे हात जोडून म्हणते कसा, "साहेब, औंदा बोंडअळीनं कापूस खाल्ला. शेतकऱ्याजवळच काही नाही, तं दुकानदारानं काय खावं?" वरून प्रतिज्ञापत्रात लिहून देल्लं का तीन वर्षांत दहा हजारांवरची एकही वस्तू घेतली नाही. बोंडअळी खरी होती, मी नाही म्हणत नाही. नांदगाव खंडेश्वरले माह्या मायचं चार एकर वावर आहे. त्यातली बोंडं मी माह्या हातानं फोडून पाह्यली, आत निरा अळ्या. पण अळी आमच्या वावरात अन् रडणं याचं! त्या रडण्यावर माही पोटगी एकरकमी सत्तर हजारांत मिटली. दोन वर्षं तारखा करून मी थकली होती. केली सही.

तीन महिन्यांनी बंडूभाऊ नव्या सायकलवर. पुढच्या चाकाले शॉकअप, मागच्या चाकाले शॉकअप, तीन लाखांची म्हणे. सारा अकोला त्याले बंडूभाऊच म्हणते. दर डिसेंबरात हा 'शेतकरी सन्मान सायकल दौड' भरवते. अकोटच्या पुढं पोपटखेडच्या धरणापासून टेकडीवर चढायचं अन् मागच्या बाजूनं दगडगोट्याच्या पांदण रस्त्यानं खाली यायचं. वर्षभर शेतकऱ्याले न उगवणारं बियाणं विकायचं अन् एक दिवस त्याच्याच नावानं टी-शर्ट वाटायचे. लाजच नाही मेल्याले.

अन् माह्याबद्दल काय सांगत फिरे? "दोन जिने चढली का तिले धाप लागते. अशा बाईसंग माणसानं जगावं कसं?"

म्हटलं थांब. तुह्याच सत्तर हजारांची तशीच सायकल घेतो, अन् तुह्याच दौडीत, तुह्याच लोकांपुढं तुले मागं टाकतो.

मायले सांगतलं तं तिनं कपाळाले हात लावला. "सत्तर हजाराची सायकल? येडी झाली काय वं? तेवढ्यात चार शिलाई मशिनी येतात. सायकलीनं पोट भरते काय?"

"पोटासाठी नाही, माय. डोकं थंड करासाठी."

मी आता नांदगावले मायजवळच राहतो, अन् एसटीनं शहरात जाऊन राजापेठेत एका क्लासमंधी आठवी-नववीले गणित शिकवतो. क्लासच्या समोरच सायकलचं मोठं दुकान. एक दिवस सुटल्यावर तिथं गेली. सेल्समननं पाह्यलं अन् बोट दाखवलं, "मॅडम, लेडीज सायकली तिकडे."

"मले दोन्ही चाकांले शॉकअप असलेली दाखव. टेकडी चढायची आहे."

त्यानं हसू दाबत एक लालभडक सायकल काढली. "डबल शॉकर. अठरा हजार." मी बसली अन् गल्लीत एक चक्कर मारली. बाप्पा! पॅडल मारलं का सायकल खाली बसे, सोडलं का वर उठे. अर्धा जोर पुढं जायच्या ऐवजी उठाबशा काढण्यात. अन् वजन म्हणजे गव्हाचं कट्टं. नव्या चांगल्याची किंमत विचारली तं एक लाख तीस हजारांपासून पुढं. सत्तर हजार हे असं लंगडं बजेट होतं का बोगस मालासाठी जास्त अन् खऱ्या मालासाठी कमी.

माही वकील अकोल्याची इफ्फत. वयानं माह्याहून लहान, पण जीभ तलवार. तिले फोनवर सारं सांगतलं. ती म्हणाली, "रागिणीताई, अकोटले माहे काका आहेत, अब्दुल रहीम. चाळीस वर्षांपासून सायकलीच खोलून राहिले. त्यायले विचारल्याशिवाय एक रुपया काढू नका."

रविवारी एसटीनं अकोट गाठलं. रहीमचाचांनी माहं सारं ऐकून घेतलं, दाढीवरून हात फिरवला, अन् तोंडावर सांगतलं, "बेटा, सत्तर हजारात नवी घ्यायची तं मागचा शॉकअप विसर. फक्त पुढं शॉकअप असलेली घे. बासष्ट हजार, हलकी, चढाले एक नंबर, अन् दोन साल गॅरंटी. माही पोरगी असती तं मी हेच घेऊन देल्ली असती."

"अन् उताराले?"

"उताराले दगडं आहेत. तिथं मागचा शॉकअप लागते, झूठ कशाले बोलू? तसा जुना माल एक आहे माह्याजवळ. पण त्याचं नाव ऐकून तू दुकानाबाहीर पडशील."

त्यांनी ताडपत्री ओढली. निळी सायकल, नारंगी पट्टा. दोन हजार सतराच्या पावसाळ्यात हीच सायकल मी फेसबुकवर पाह्यली होती, वर बसलेला बंडू. कोर्टाच्या आधी फोटो गायब झाला. तेव्हा मले वाटलं का मित्राची असन.

"त्याचीच आहे," चाचा म्हणाले. "पुण्याहून आणली होती, ड्रायव्हरच्या नावानं इकून गेला. म्हणे, मागून बसते, बेकार आहे. अरे, मागच्या शॉकअपमंधी हवा राहते. त्याचा पंप अलग येते, तीन हजाराचा. यानं पंप घेतला नाही, पंक्चरवाल्याजवळ भरून पाह्यली. भरीन कशी? तीन हजार वाचवाले गेला अन् सोन्यासारखी सायकल टाकून देल्ली."

मी तिथूनच इफ्फतले फोन लावला. इफ्फत म्हणाली, "बिल आहे का? नाही ना. पुण्याचा दुकानदार आपल्याले कागद देणार नाही. पण ताई, त्या माणसानं सोताच्या तोंडानं कबूल केलं का ही माही होती, त्या तीन वर्षांतच घेतली, इतक्याची घेतली, तं प्रतिज्ञापत्र खोटं ठरते. एक खोटं हाती लागलं का बाकीची गोदामं मी उकरून काढतो. पण तो कबूल कायले करीन?"

कायले करीन? मी तिथंच चाचांच्या स्टुलावर बसून विचार केला. हा माणूस मले पाठ आहे. पाहुण्यांनी माह्या पुरणपोळीची तारीफ केली तं हा म्हणे, "डाळ मी आणली होती." पोरीनं, म्हणजे माह्या भाचीनं, बक्षीस आणलं तं, "पेन माहा होता." दुसऱ्याचं नाव झालेलं याले पचतच नाही. मी याच सायकलवर याले हरवलं तं हा चूप बसणार नाही. बसूच शकत नाही. पण हरली, तं हा सायकलीले वळखही दाखवणार नाही, अन् माहे सत्तर हजार अन् इज्जत दोन्ही त्या पांदणीत गाडल्या जातीन.

"चाचा, हीच पाहिजे."

"सोच ले बेटा. गॅरंटी नाही. अन् खर्चा आहे." त्यांनी सीट धरून मागचं चाक उलसं उचललं. सांध्यातून टकटक आवाज आला. "हे बेअरिंग गेले. शॉकअपचे सील पुण्याहून येतीन. टायर बदलणं आहे."

पंचावन्नची सायकल, बाकी काम अन् तो तीन हजाराचा पंप धरून बरोबर सत्तर झाले. एसटीच्या तिकिटाले पैसे मायनं देल्ले. देतानी बोलली, "आता हरून आली तं घरात घेणार नाही." माहीच माय ते, तिच्या पोटातही तोच जाळ होता.

जुलै ते डिसेंबर मी काय हाल काढले ते माहं मले माहीत. पहाटे उठून नांदगावच्या पांदणीनं दहा किलोमीटर, मग एसटीनं राजापेठ, मग पोट्ट्यायले गणित. पहिल्या महिन्यात खरंच धाप लागे. दोनदा तोंडावर आपटली. गावातल्या बाया म्हणत, "नवऱ्यानं सोडली तं बिचारीचं डोकं सरकलं." मी दात खाऊन पॅडल मारो. चाचांनी शिकवलं होतं, चढाले मागच्या शॉकअपचं लॉक लावायचं म्हणजे सायकल उठाबशा काढत नाही, माथ्यावर लॉक सोडायचं, अन् उताराले ब्रेक कमी, भरोसा जास्त. लॉक मी डोळे मिटून लावाले शिकली. भरोसा शिकाले टाइम लागला.

दौडीच्या दिवशी धरणावर ही गर्दी. बॅनरवर बंडूचा हात जोडलेला फोटो, खाली बैलजोडी. मी सायकल घेऊन रांगेत उभी राहिली. त्यानं मले पाह्यलं, मग खाली पाह्यलं. निळा रंग, नारंगी पट्टा. त्याचा डोळा एक क्षण तिथं थांबला. मग मान फिरवून बाजूच्याले म्हणते, "बायाले बी हौस आली बे आजकाल." वळखच देल्ली नाही. जसं मी म्हटलं होतं, अगदी तसंच. म्हटलं, रागिणी, आता जिंकल्याशिवाय हा तोंड उघडत नाही.

चढाले तो पुढं गेला. गेला म्हणजे गेलाच. तीन लाखांची सायकल, काही झालं तरी हलकी. मी लॉक लावून डोकं खाली घालून मारत राहिली. अर्ध्यात साखळी उतरली. उघड्या हातानं चढवली, हात काळे झाले, चार जण पुढं निघून गेले. रडू आलं. मग कोर्टातला तो रुमाल आठवला अन् रडू जागच्या जागी वाळलं. माथ्यावर पोहचली तेव्हा तो शंभरेक पावलं पुढं होता.

उतार लागला. लॉक सोडलं.

नांदगावची पांदण काय अन् ही काय, दगडं सारखेच. मागचं चाक दगडावर चढे, उतरे, अन् माह्या कंबरेले पत्ता नसे. एक जण मागं पडला, दुसरा पडला. बंडू समोर दिसला. दोन्ही ब्रेक दाबून, नवी सायकल खरचटीन म्हणून जीव मुठीत धरून चाललेला. मी बाजूले आली तसा वरडला, "ए रागिणी! हळू! पडशील!"

तोच आवाज. अकरा वर्षं त्या आवाजानं मले जिन्यावर, रस्त्यावर, चार लोकांत थांबवलं होतं. माही बोटं सवयीनं ब्रेकवर गेलीही होती. मी ती उचलली अन् हांडलले गच्च धरून सायकल सोडून देल्ली. मागं पाह्यलंच नाही.

पहिल्या नंबरावर अकोटचा एक पोलीस भरतीवाला पोट्टा आला. माहा चौथा. बंडूचा सहावा. माईकवर नाव पुकारलं अन् मागून कोणीतरी वरडलं, "बंडूभाऊ, वहिनीनं धुतलं ना बे तुमाले!" सारा मंडप हसला. बंडूचं तोंड लालबुंद झालं. मी स्टेजजवळ उभी, मनात म्हणून राहिली, बोल. बोल ना रे बाप्पा. आज नाही बोलला तं माहं सारं पाण्यात.

त्यानं पुकारणाऱ्याच्या हातातून माईक हिसकला.

"थांबा, थांबा! लेकहो, हे जिंकली कायच्या भरोशावर ते तं पाहा! सायकल कोणाची आहे? माही! माही जुनी सायकल आहे ते! बाई नाही जिंकली, माही सायकल जिंकली!"

"खरंच तुमची हाय, बंडूभाऊ?" मी विचारलं. आयुष्यात पहिल्यांदा त्याले भाऊ म्हटलं. समोरच्या बायांनी तोंडाले पदर लावले.

"माही नाही तं कोणाच्या बापाची? पुण्याहून आणली!"

"असन कुठली तरी जुनीपुरानी, स्वस्तातली."

"जुनी?" त्याचा आवाज फाटला. "खोक्यातली नवी! एक लाख साठ हजार रोख मोजले!"

"कोणत्या जमान्यात?"

"सतराच्या जूनमंधी! पेरणीच्या टायमाले! विचार कोणालेही!"

पेरणीच्या टायमाले. मंडपात ज्यांनी त्या जूनमंधी त्याच्या दुकानापुढं बियाण्यासाठी रांगा लावल्या होत्या, ते शेतकरी हसायचे थांबले. एक म्हातारा उठला अन् टी-शर्ट खुर्चीवर फेकून चालता झाला. अन् तिसऱ्या रांगेत इफ्फत, मोबाईल दोन्ही हातांनी धरून, जराही न हलता रेकॉर्ड करून राहिली होती. बंडूची नजर फिरत फिरत तिच्यावर गेली. दोन वर्षं तारखेले तिले पाह्यलं होतं त्यानं, वळखाले टाइम लागला नाही. माईक चालू होता, त्यातून त्याचा नुसता श्वास ऐकू येत होता. चांगली धाप लागली होती लेकाले.

इफ्फतनं मले बाजूले घेऊन सांगतलं, "पोटगी पुन्हा ठरवासाठी सोमवारी अर्ज टाकतो. सत्तर हजार विसरा आता, ताई."

मी सायकल काढून निघाली तं तो झाडामागून आला. बाजूले कोणी नाही पाहून आवाज एकदम मऊ. "रागिणी, ऐक ना. घरातली गोष्ट आहे. घरातच मिटवू."

"कोणतं घर, बंडूभाऊ?"

मी टांग मारली अन् अकोटच्या रस्त्याले लागली. लोक म्हणतात, बदला घेतल्यानं मनाले शांती भेटत नाही. भेटते, चांगली पोटभर भेटते. अकोट येईपर्यंत मी मोठ्यानं गाणं म्हणत गेली, अन् बाजूनं जाणाऱ्या एसटीतल्या लोकांनी खिडकीतून वाकून पाह्यलं तरी थांबली नाही.