पाचटातली अंडी

सुभेदार म्हणून निवृत्त झालेले सयाजीआबा पहाटे पाचला उठायचे आणि सहाला कोंबड्यांचं खुराडं उघडायचे. कोंबड्या खरं तर त्यांच्या सुनेच्या, क्रांतीच्या. तिचं माहेर जतकडचं. दिवाळीला गेली तेव्हा आईनं तिला बावीस तलंगा दिल्या होत्या. तलंगा म्हणजे अंड्यावर येऊ घातलेल्या कोवळ्या कोंबड्या. मोकळ्या रानात हिंडणाऱ्या गावरान कोंबडीच्या अंड्याला उंब्रजला गिऱ्हाईक चांगलं, म्हणून तिनं त्या हौसेनं आणल्या. तिचा नवरा राजवर्धन सांगलीला हळदीच्या पेढीवर कामाला, शनिवारी तेवढा घरी यायचा. त्यामुळे घरात सून आणि सासरा दोघंच.

पौषात पहिलं अंडं मिळालं. आठवड्यात रोजची आठ-नऊ मिळायला लागली. मग ती एकदम कमी झाली. कधी दोन, कधी एक. क्रांतीनं कोंबड्यांच्या खाद्यात, भरड्यात, शिंपल्यांचा चुरा मिसळला, अंगावरच्या उवांसाठी राखेचा खड्डा करून दिला. काही उपयोग झाला नाही. शेवटी ती उंब्रजच्या जनावरांच्या डॉक्टरांना भेटली. त्यांनी सांगितलं, नव्या तलंगांना जागेची सवय लागेपर्यंत सकाळी दहाच्या आत बाहेर सोडू नका, आत अंधारी, मऊ जागा करून द्या.

तिनं टोमॅटोचे रिकामे क्रेट मांडले, आत गोणपाट अंथरलं, त्यावर पोत्याचे पडदे सोडले आणि आबांना डॉक्टरांचं म्हणणं सांगितलं. आबांनी ऐकून घेतलं आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा सहालाच दार उघडलं. मोकळ्या कोंबड्या म्हणून आणल्यास, मग कोंडायच्या कशाला, असं त्यांचं म्हणणं. सव्वीस वर्षं पलटणीत काढलेल्या माणसाला कोण दोनदा सांगणार? 

पण तिचं लक्ष होतं. कोंबड्यांचे तुरे लालभडक झाले होते. पाठीवर हात ठेवला की त्या पंख पसरून खाली बसायच्या. माहेरी तिनं लहानपणापासून हे पाहिलं होतं. अशी कोंबडी अंड्यावर असते. मग अंडी जात होती कुठं? घरामागचा ऊस नुकताच तुटून गेला होता आणि रानात गुडघाभर पाचट, म्हणजे उसाचा वाळका पाला, पसरलं होतं. ते पेटवून खोडव्याला, म्हणजे खुंटांतून फुटणाऱ्या उसाला, पाणी द्यायचं आबांनी ठरवलं होतं. सकाळी सुटलेल्या कोंबड्या सगळ्या तिकडंच पळायच्या.

रविवारी जेवताना तिनं विषय काढला.

"आबा, त्या पाचटात घालत्यात. चार दिवस पेटवू नका. मी हुडकते."

आबा म्हणाले, पाण्याची पाळी बुधवारी हाय, खोडवा वाळून चाललाय. अंडी असती तर एखादं तरी दिसलं असतं. आणि असंच चाललं तर येत्या बाजारात त्या कोंबड्या खाटकाला देऊन टाक.

सोमवारी सकाळी क्रांती भरडा आणायला उंब्रजला गेली. वारं पडलं होतं. नऊच्या सुमाराला आबांनी शेजारच्या आकारामला हाक मारली. दोघांनी बांधाकडनं पाचट पेटवलं.

जाळ मधल्या सरीपर्यंत पोचला आणि फट असा आवाज आला. लगेच दुसरा. मग चार-पाच एका पाठोपाठ एक. आकाराम म्हणाला, राहिलेल्या कांड्या फुटत असतील. आबांनी मान हलवली खरी, पण त्यांचे पाय जागच्या जागी थांबले होते. हा आवाज कांडीचा नव्हता. ओला, बोदा आवाज होता. मग धुरातनं वास आला, जळक्या अंड्याचा. तेवढ्यात एक काबरी कोंबडी जाळातनं ओरडत बाहेर पडली. तिची शेपटी पेटलेली होती.

आबांनी पाटातलं ओलं पोतं उचललं आणि आत शिरले. आकाराम मागनं ओरडत राहिला. चार पावलांवर पाचटात एक खोलगट जागा होती. तिच्यात दहा-अकरा अंडी आणि वर अंग चपटं करून बसलेली एक कोंबडी. आच पुढ्यात आली तरी ती उठली नव्हती. आबांनी तिच्यावर पोतं टाकलं आणि उघड्या हातांनी तिला उचललं. बाहेर येईपर्यंत आजूबाजूला अंडी फुटतच होती. सगळ्या रानभर फुटत होती.

क्रांती आली तेव्हा जाळ विझला होता. आबा बांधावर बसले होते. मांडीवर मेलेली कोंबडी, हात काळे, भुवया जळालेल्या. तिनं डोक्यावरचं पोतं खाली ठेवलं. आकाराम सांगायला लागला, पण तिनं ऐकलं नाही. तीऽ तीऽ करत ती काळ्या रानात फिरली. एकोणीस गोळा झाल्या. त्यांत शेपटी जळालेली काबरीही होती. राखेत तिला दोन मेलेल्या सापडल्या. एकीखालची अंडी तशीच होती, फक्त वरनं काळी झालेली.

  आबांना घरी नेऊन क्रांतीनं त्यांच्या हातांना मलम लावलं, पट्टी बांधायला घेतली. तेव्हा ते म्हणाले,

"तू सांगितलं व्हतंस."

"व्हय," ती म्हणाली आणि पट्टी गुंडाळत राहिली.

दुसऱ्या दिवशी ती उठली तेव्हा खुराड्याचं दार बंद होतं आणि आबा समोर दगडावर बसले होते. दहा वाजेपर्यंत ते तिथनं हलले नाहीत. मग दार उघडायला त्यांनी तिलाच बोलावलं, कारण बोटं मिटत नव्हती.

क्रेटमध्ये गोणपाट होतं ते तिनं काढलं आणि आकारामच्या उभ्या उसातनं काढून आणलेलं पाचट भरलं. कोंबड्यांना तीच गादी आवडली होती. तरी आठ दिवस एकही अंडं आलं नाही. कोंबड्या दचकलेल्या होत्या, पानं वाजली तरी कोपऱ्यात जमायच्या. नवव्या दिवशी एक आलं. महिना संपता संपता रोजची तेरा-चौदा यायला लागली, तीही क्रेटमध्ये. राजवर्धन ती सांगलीला घेऊन जायला लागला. आबांनी मात्र अंडं खायचं सोडलं. क्रांतीनं एकदा विचारलं, नंतर विचारलं नाही.

फाल्गुनात आकारामचा ऊस तुटला आणि त्यानं पाचट पेटवायला काढलं. आबा न सांगता तिथं गेले. हातात काठी घेऊन त्यांनी एकेक सरी तुडवली, जागोजागी पाचट उलटून पाहिलं. आकाराम काडेपेटी घेऊन बांधावर उभा होता. दीड तास त्यानं वाट पाहिली. शेवटी म्हणाला, "आबा, काय न्हाई ओ त्यात."

आबा म्हणाले, नसंल. आणि उरलेल्या तीन सऱ्याही त्यांनी बघितल्या. मग ते बांधावर आले, आकारामकडं पाहून मान हलवली आणि त्यानं काडी ओढायच्या आधीच घराकडं निघाले.