वाढत्या मापाचं

छोट्या गिटारसारख्या त्या युकुलेलेची तार खालच्या घोडीपासून मानेच्या टोकापर्यंत तेरा इंच – दुकानदार आसिफनं काउंटरवर टेप लावूनच दाखवली – आणि क्रांतीची करंगळी न ताणता, न दुखता चौथ्या पडद्यावर जाऊन बसली… जन्मापासून तिथंच असल्यासारखी. एकेचाळीस वर्षांत या हाताला नेमकं बसलेलं दुसरं काही असेल, तर कासाराकडची दोन-दोनच्या मापाची बांगडी. मुलगी बघायला आलेल्या चंद्राबाईंनी, म्हणजे सासूबाईंनी, हाच हात बाजारातल्या वांग्यासारखा उलटापालटा करून पाहिला होता – "हात लय बारकं हायती हिचं. भाकरी कशी थापायची?"

"बारक्या हाताला हे बारकं माप, सोप्रानोच बरं, वहिनी," आसिफ म्हणाला. "लेक केवढी हाय?"

"धा वर्साची," शेजारी उभ्या नवऱ्यानं, जयराजनं, परस्पर सांगून टाकलं. तोंडात मावा, शब्दाबरोबर एक ओला कण उडून काचेवर चिकटला. शी! सोनं-चांदी गाळायच्या गलाईच्या तेजाबानं पिवळी पडलेली त्याची नखं मोठ्या मापाच्या टेनर युकुलेलेच्या तारांवर करकरत फिरत होती. कोइमतूरच्या दुकानातून आठ दिवस सुट्टीवर आलेला नवरा – आणि आठही दिवस उशीला हा वास… "वाढत्या अंगाची पोर हाय गड्या. बारकं घिऊन दोन वर्सांत फेकायचं व्हय? हे मोठं दे."

"दादा, त्याची तार सतरा इंच. बोटं पुरायची न्हाईत."

"पुरतील की! वाढतीया ती."

वाढत्या मापाचं… क्रांतीला आठवलं, वडीलही बूट दोन नंबर मोठेच आणायचे, टोकाला कापूस कोंबून. तो भिजायचा, कुजायचा, आणि विट्याच्या शाळेत मला – मला! – वाटायचं, साऱ्या वर्गाला माझ्या पायांचा वास येतोय. पाय काही वाढले नाहीत.

लेकीला, संयोगिताला, मुळात युकुलेले नकोच आहे, सायकल हवी आहे. हवं आहे ते क्रांतीला. ती शिकवते त्या बालवर्गात आलेल्या पाहुण्या बाईनं दोन मिनिटं हातात दिलं होतं, तेव्हापासून. पण घरी बोलताना 'पोरीला हवंय' असं तोंडातून सुळकन निघून गेलं. आता 'माझ्यासाठी आहे' एवढंच म्हणायचं. तिनं तोंड उघडलं… आणि जयराज टेनर पिशवीत भरू लागला.

मावा, ती नखं, काचेवरचा तो कण… सगळ्याचीच किळस. आणि त्यातच तिला कळलं, की तोंडातली ही कडू चव जुनी आहे, जयराजच्याही आधीची. पोटच्या पोरीच्या आड लपून मागणारी बाई! कापूस कोंबून चालायची इतकी सवय? तिला स्वतःची शिसारी आली – आणि नवल म्हणजे, त्या शिसारीनं तिला बरं वाटलं; निदान ती तरी कुणाच्या आडून आलेली नव्हती.

"वहिनी, ते बारकं द्या इकडं, जागेवर ठिवतो."

क्रांतीनं ऐकलं. आसिफचा हात पुढं आलेला तिला दिसतही होता. करंगळी चौथ्या पडद्यावरच होती, तार बोटात रुतत होती, आणि तिला ती उचलावीशी वाटत नव्हती.