बिनसाखरेचा चहा

डेल्माने वाफेच्या नळीच्या चाकावर हात ठेवला आणि ती तशीच उभी राहिली. चाक फिरलं की कढत वाफ टाकीत शिरणार आणि उसाच्या मळीवर वाढवलेले तिचे जिवाणू घटकाभरात शिजून जाणार.

"फिरव," क्रेग म्हणाला. तो या शेडचा प्रमुख. माणूस वाईट नव्हता, पण वरून फोन आला की त्याची बोबडी वळायची. "सिडनीच्या मुख्य ऑफिसवाल्यांना टाकी आजच रिकामी हवीय. त्यांचे जिवाणू शहाण्यासारखे शुद्ध ग्लुकोज खातात."

"माझे मळी खातात. आपल्या मकाय गावात कारखान्यांची मळी चिक्कार आहे. ग्लुकोज बाहेरून विकत आणावं लागतं."

"खातात गं, पण देतात काय? गुलाबाचा अर्क देणार होते ना? तुला येतोय वास?"

डेल्माने खोल श्वास घेतला. खोटं बोलणं सोपं होतं.

"नाही."

"मलाही नाही. शेडमध्ये कुणालाच नाही. अर्क मोजायचं यंत्र बंद पडलंय आणि ते दुरुस्त होईपर्यंत वरचे थांबायला तयार नाहीत."

"जेवणापर्यंत थांब. उपाशीपोटी मी कुणाचा जीव घेत नाही."

क्रेग हसला. तो हसला म्हणजे थांबला, हे तिला माहीत होतं.

गुलाबाचा अर्क त्या जिवाणूंना स्वतःलाच विषारी होता. साखरेपासून अर्क बनवायचे आणि त्यातच मरायचे. म्हणून डेल्माने त्यांना कित्येक वर्षं विषातच वाढवलं होतं. दर खेपेला थोडा जास्त अर्क घालायचा, आणि जे तगतील त्यांचीच पैदास पुढे न्यायची. अर्क करायची विद्या तिने त्यांच्या अंगात घातली होती, चिवटपणा मात्र त्यांचा त्यांनी कमावला. फ्रीजरमध्ये त्यांचं बियाणं होतं, पण ही टाकी फसली तर पुढची तिला कुणी देणार नव्हतं.

फाटकाबाहेर तिची आई आयव्ही डबा घेऊन गाडीत बसली होती. ती फाटकाच्या आत कधी येत नसे. तिच्या आजोबांना पॅसिफिकमधल्या बेटावरून मजुरीसाठी फसवून बोटीत घातलं होतं, आणि याच जमिनीवर ऊस तोडता तोडता त्यांची पाठ वाकली. तेव्हापासून त्यांच्या घरात चहात साखर पडली नाही. लेक इथेच नोकरीला लागली हे आयव्हीला सलत होतं, पण डबा कधी चुकला नाही.

डेल्मा गाडीत बसली तशी आयव्हीने काच खाली केली.

"अंगाला काय फासलंयस? लग्नाला निघालीस?"

"काही नाही लावलं, आई."

"मग केसांत अत्तराची बाटली फुटली असेल. गुलाबापुढे मला माझ्याच डब्यातल्या माशाचा वास येईना."

डेल्माने बाही नाकाशी धरली. काहीच नाही. तिने डबा हळूच खाली ठेवला. वास चोरपावलांनी वाढत गेला होता, आणि रोजच्या वासाची दखल घेणं नाक सोडून देतं. नव्या मुलांना ती स्वतःच हे शिकवायची. तिला स्वतःचा भयंकर राग आला. ती तडक शेडमध्ये परतली आणि तिने क्रेगला सगळं सांगितलं.

"तुझ्या आईचं नाक मी सिडनीला कसं कळवू?" क्रेग म्हणाला.

"नको कळवूस. तुझं कळव. हा कोट इथे काढ, तिच्या गाडीत बस आणि समुद्राचा वारा खाऊन ये."

"आणि तोवर?"

"तोवर हे चाक मी फिरवणार नाही, कुणाला फिरवू देणार नाही. मला काढायचं असेल तर परत आल्यावर काढ."

क्रेगने कोट काढला. डेल्मा स्टूल ओढून चाकाला पाठ लावून बसली.

बऱ्याच वेळाने तो दारात आला आणि तिथेच थबकला. त्याने नाक चोळलं, पुन्हा श्वास घेतला. मग तडक ऑफिसात गेला. उघड्या दारातून त्याचा आवाज ऐकू आला. "टाकी मिळणार नाही. हो, मीच सांगतोय." बोबडी वळली नव्हती.

त्याच्या मागोमाग आयव्ही आत आली होती. हातात थर्मास होता. तिने टाकीच्या कोमट पत्र्यावर तळवा टेकला.

"हे साखरेचंच ना?"

"हो. आपल्या उसाच्या मळीतल्या साखरेचं."

आयव्हीने तळवा पत्र्यावरून काढला नाही.

"आजोबांनी या साखरेसाठी पाठ मोडून घेतली," ती म्हणाली. "आता ती राबतेय तर राबू दे. थांबवू नकोस."

तिने थर्मासच्या झाकणात चहा ओतला आणि लेकीपुढे धरला. "तुझ्या साहेबाने साखर मागितली. म्हटलं, आमच्यात घालत नाहीत."