दोन पायऱ्या वर

सकाळी साडेसहाला त्या घरात एक घरघर सुरू होई, आणि तिच्यावरून घड्याळ लावून घ्यावे इतकी ती वेळेची पक्की असे. वरच्या खोलीतल्या सासूबाई भिंतीवरचे बटण दाबून धरत. जिन्याच्या कडेने बसवलेल्या रुळावरून खुर्ची रिकामीच वर चढे आणि त्यांना घेऊन सावकाश खाली येई. बटण दाबून धरले तर चालायचे, सोडले की थांबायचे, असा त्या खुर्चीचा स्वभाव. खाली उतरल्यावर सासूबाई पाय ठेवायची फळी दुमडत, काठी सावरत आणि तळाचे बटण दाबून मनाशी सात आकडे मोजत. खुर्ची दोन पायऱ्या वर जाऊन थांबे. मग त्या स्वयंपाकघरात येऊन विचारत, "चहा झाला का गं, की तोही माझ्यासारखा रखडत येतोय?" रात्री वर गेल्यावर खुर्ची पुन्हा खाली धाडायची, पण याच दोन पायऱ्या राखून. चाळीस वर्षे शिवणकाम केलेल्या बाईचा अंदाज तो. बोटभरही चुकत नसे.

सूनबाई हे रोज पाहत होती, म्हणजे खरे तर पाहतच नव्हती.

त्या मंगळवारी घरघर सुरू झाली, कण्हली आणि निम्म्या जिन्यात थांबली.

"गेली का पुन्हा?" नवरा गालाला साबण तसाच ठेवून बाहेर आला. "दहा महिने नाही झाले बॅटऱ्या बदलून! आई, आहेस तिथंच थांब!"

"थांबू नको तर काय घसरगुंडी करू?" वरून आवाज आला. "चहा तेवढा वर पाठवा."

चहा गाळताना नवरा हलक्या आवाजात म्हणाला, "पुरे झालं आता. आज खुर्ची रिकामी होती म्हणून बरं. उद्या आईच मध्ये अडकली तर? आणि आपण दोघं कामावर असलो तर? रविवारी तिचा पलंग खालच्या खोलीत आणू."

"आणि शिवणाचं मशीन?"

"मशीन काय, तिथं मावायचं नाही. पण आईचा जीव मोठा की मशीन?"

खालच्या खोलीची खिडकी शेजारच्या भिंतीकडे उघडत असे; भर दुपारीही तिथे दिवा लावावा लागे. सूनबाई चहा घेऊन वर गेली. सासूबाई खिडकीशी मशीनसमोर बसल्या होत्या. शेजारणीच्या झग्याची शिवण उसवून मांडीवर पसरलेली होती.

"ऐकलं मी," त्या म्हणाल्या. "म्हणतोय ते खोटं नाही. माझे डोळे तरी कुठे पहिल्यासारखे राहिलेत." आणि असे म्हणत त्यांनी पहिल्याच फटक्यात सुईत दोरा ओवला.

सूनबाईला हसू आले. "आई, रविवारला अजून अवकाश आहे. मी एकदा दुकानात दाखवून येते."

बॅटरीच्या दुकानात गल्ल्यावर एक पोक्त बाई होत्या. चष्मा दोरीने गळ्यात अडकवलेला. सूनबाईने जुन्या टॉवेलात गुंडाळून आणलेल्या दोन्ही बॅटऱ्या त्यांनी फळीवर ठेवल्या, कडेने अंगठा फिरवला, मग मीटर लावला.

"पोट फुगलेलं नाही, म्हणजे चार्जर जास्त चढवत नाहीये. पण दम काही नाही दोघींत. बारा व्होल्ट हवेत तिथं साडेनऊ. या कामानं नाही मेल्या, ताई. अर्धपोटी राहून मेल्यात. शिशाची बॅटरी रोज पोटभर चार्ज झाली नाही की आतून गोठत जाते. खुर्ची चार्ज होते कुठं?"

"तळाशी. रुळाच्या टोकाला दोन पट्ट्या आहेत, त्यांना टेकली की."

"आणि टेकते का?"

सूनबाईच्या डोळ्यांसमोर सासूबाईंचे आकडे मोजताना हलणारे ओठ आले. पाच, सहा, सात.

"टेकली नाही तर ओरडते ना ती?"

"ओरडायची. रात्रभर टिवटिव, म्हणून यांनी त्या आवाजाची वायर काढली."

"वा! तक्रार करणाऱ्याचं तोंड बांधलं की मिटली तक्रार." बाई हसल्या आणि आतून दोन खोकी घेऊन आल्या. "आता धरून बघा. माप एक, आकडे एक."

एक बॅटरी स्पष्टच जड होती.

"हलकी आहे ती वीज गेल्यावर लागणाऱ्या दिव्याची. वर्षभर भरलेली बसायची आणि कधीतरी कामाला यायची. जड आहे ती रोज रिकामी होऊन रोज भरायची. मागच्या खेपेला तुम्हाला हलक्या दिल्यात कुणीतरी, तेही एक कारण. पण जड नेल्या आणि अर्धपोटीच ठेवल्या, तर वर्षाच्या आत पुन्हा याल. आणि थांबा, ही नको, हिची तारीख मागची आहे. जोडी एकाच महिन्याची हवी, नाही तर नवी जुनीला ओढत बसते."

जुन्या बॅटऱ्या दुकानातच ठेवून ती घरी आली. नवऱ्याने नव्या बसवल्या. खुर्ची खाली आली, अगदी तळापर्यंत. हिरवा दिवा लागला. सूनबाईने स्वयंपाकघराचे दार बाहेर ढकलले. ते जिन्याच्या बाजूला अर्धेच उघडले आणि खुर्चीच्या दुमडलेल्या फळीवर आदळले. दाराच्या खालच्या कडेला एक जुना पोचा होता, तो नेमका फळीवर बसला.

तेव्हा तिला दूध आठवले. खुर्ची नवी असताना, कामावर जायच्या घाईत, दार असेच अडले होते आणि हातातले पातेले सांडले होते. "ही धोंड कुणी ठेवली वाटेत!" ती दारावर ओरडली होती. आत सासूबाई बसल्या होत्या. त्या एक शब्द बोलल्या नव्हत्या. खाली वाकून फडके फिरवायला लागल्या होत्या. त्यानंतर दार कधी अडले नव्हते.

आणखी एक गोष्ट आठवली. संध्याकाळी ती कुलपात किल्ली फिरवी तेव्हा जिन्यात थोडीशी घरघर होई आणि थांबे. सासूबाई खाली येताहेत असे तिला वाटे. पण त्या येत नसत. म्हणजे दुपारी घरात दुसरे कोणी नसताना खुर्ची तळाशी टेकत होती; किल्ली वाजली की सासूबाई ती दोन पायऱ्या वर घेत. तेवढेच तिचे पोट भरत होते.

"काय गं?" नवऱ्याने विचारले.

"बॅटऱ्या उपाशी मेल्या. आणि उपास मी घातला होता." तिने दोन वाक्यांत सगळे सांगितले.

त्याने दाराच्या पोच्यावरून बोट फिरवले. "वायर तर मीच काढली होती," तो म्हणाला.

सासूबाईंना हे सांगायचे का? सूनबाईने क्षणभर विचार केला. सांगितले तर त्या म्हणणार, 'छे गं, माझी आपली सवय,' आणि खुर्ची दोन पायऱ्या वरच राहणार. तिने हत्यारांच्या खोक्यातून पेचकस घेतला. खालची बिजागरी तिने सोडवली, वरची त्याने. दोघांनी मिळून दार उचलले आणि खालच्या खोलीत, पलंगासाठी मोकळ्या केलेल्या भिंतीशी उभे केले. मग नवऱ्याने खुर्चीचे आवरण पुन्हा उघडले आणि काढलेली वायर जागेवर लावली.

सकाळी साडेसहाला घरघर झाली. सासूबाई उतरल्या, फळी दुमडली, काठी सावरली. हात बटणाकडे गेला आणि अर्ध्यात थांबला. समोर चौकट होती, दार नव्हते.

"दार कुठे गेलं?"

"फुगलं होतं," सूनबाई चहा गाळत म्हणाली. "काढून टाकलं. खुर्ची राहू द्या तिथंच."

सासूबाईंनी चौकटीकडे पाहिले, खुर्चीवरच्या हिरव्या दिव्याकडे पाहिले, मग सुनेकडे. अर्ध्यात थांबलेला हात हळूच खाली आला.

"मग पडदा लागेल इथं," त्या म्हणाल्या. "उघडं स्वयंपाकघर बरं नाही दिसत. माप घे. लांबीला चार बोटं जास्त धर."

सूनबाईने गाळणे खाली ठेवले आणि फडताळातली मापाची फीत काढली.