कांगास ऑइलच्या सर्व्हरची कबुली

मित्रांनो, तुमच्यासमोर बोलताना मला संकोच वाटतो. माझी गोष्ट अभिमानाने सांगावी अशी नाही. मी सर्व्हर आहे, म्हणजे दुकानाच्या मागच्या खोलीत बसून बाकीच्या कॉम्प्युटरांची माहिती सांभाळणारं यंत्र. बारा वर्षं मी 'कांगास ऑइल'मध्ये काम केलं.

अमेरिकेत, मिशिगनच्या उत्तर टोकाला, लेक सुपीरियर या सरोवराच्या काठी, हिवाळा सहा महिने मुक्काम ठोकतो. गावाबाहेरची घरं तेल जाळणाऱ्या भट्टीवर ऊब धरतात. घरामागे तेलाची टाकी असते आणि ती रिकामी होण्याआधी आमचा टँकर तिथे पोचतो. गिऱ्हाइकाला फोनसुद्धा करावा लागत नाही. आज कुणाकडे जायचं, ती यादी मी द्यायचो.

मला आणलं आर्विड कांगास यांनी. त्यांनी स्वतः एक प्रोग्रॅम लिहिला होता. बाहेर थंडी किती, कुठल्या घरात तेल किती जळतं, यावरून कोणती टाकी कधी तळाला जाईल, हे तो सांगायचा. आर्विड दर शुक्रवारी माझ्यातली धूळ फुंकायचे आणि सगळ्या माहितीची नक्कल एका डिस्कवर घरी न्यायचे. ते गेले, आणि त्यांच्या बायकोने, व्हर्नाने, दुकान हिमतीने चालवलं. पण माझ्याकडे बघायला किंवा नक्कल काढायला कुणी येईनासं झालं. माझ्यासमोरच्या खुंटीवर ओले कोट लटकू लागले.

तरी माझं कौतुक थांबलं नाही. टँकर चालवणारा एइनो पेल्टो म्हणायचा, "बारा वर्षांत हा पठ्ठ्या एकदा शिंकलासुद्धा नाही. आणि मी बघा, दर सोमवारी पाठ धरून बसतो!"

मी फुगून जायचो. खरं म्हणजे तीच माहिती ठेवणाऱ्या माझ्यातल्या दोन डिस्कांपैकी एक वसंतातच मेली होती. तसा लाल दिवा मी लावला, पण तो कोटांच्या आड राहिला. दुसऱ्या डिस्कवर मी काम रेटत होतो. मग तीही कुजू लागली आणि जानेवारीत तिच्यातली तीन घरं पुसली गेली. मी बंद पडलो असतो, तर कुणीतरी धावत आलं असतं. मी थांबलो नाही. तीन घरं कमी असलेली यादी मी रोज सकाळी पहिल्यासारखीच ऐटीत छापून दिली. याचीच मला सगळ्यात जास्त लाज वाटते.

दोन घरांतून वैतागून फोन आले. त्यांना तेल पोचलं, पण माझी यादी कुणी तपासली नाही. तिसरं घर हेल्मी रायसानेन यांचं. वय चौऱ्याऐंशी, चिंध्यांच्या सतरंज्या विणायच्या, घरात एकट्या.

एका दुपारी एइनो काउंटरपाशी आला. त्याने टोपीही काढली नव्हती.

"व्हर्ना, हेल्मीबाईंना इस्पितळात पोचवून आलोय. त्यांच्या धुराड्यातून धूर दिसेना म्हणून सहज वळलो. टाकी ठणठणीत कोरडी. दोन दिवस मांजर घेऊन परसातल्या सौनात, त्या वाफेच्या न्हाणीघरात बसल्या होत्या बाई, तिथली लाकडं जाळत. लाकडं संपली. थंडीने दोन बोटांची टोकं जाणार म्हणतात."

व्हर्नाने हातातलं पेन खाली ठेवलं. "अरे, मग फोन का नाही केला त्यांनी?"

"मीही तेच विचारलं. म्हणाल्या, बर्फ फार पडलंय, तुम्ही बिचारे येतच असाल. उगाच कशाला घाई लावायची."

मित्रांनो, ते ऐकून माझा पंखा गरगरत राहिला, पण गरगरण्याने कुणाची बोटं परत येतात का?

व्हर्ना त्याच संध्याकाळी इस्पितळात जाऊन आली. पुतण्या ड्वेनने विचारलं, "काय म्हणाल्या?"

"मी म्हटलं, आमच्या यंत्राने घोळ केला. तर म्हणाल्या, यंत्र माझ्या ओळखीचं नाही, व्हर्ना. मी तुला ओळखते." व्हर्नाने हातमोजे काढून काउंटरवर ठेवले. "मला मान वर करता येईना रे."

पुढच्या आठवड्यात रोक्सान नावाची कॉम्प्युटरची जाणकार बाई आली. तिने कोट बाजूला सारले, लाल दिवा पाहिला आणि माझं झाकण उघडायला घेतलं. ती रागावली असती तर बरं वाटलं असतं.

"आता दुसरा असाच घ्यायचा," व्हर्ना म्हणाली. "आर्विडने निवडलेला होता."

"नको काकू, आता सगळं क्लाउडवर टाकू," ड्वेन म्हणाला. "तिथे यंत्रं भाड्याने मिळतात. वाटेल तसं मांडता येतं. मी बघेन ना सगळं."

"हरणांच्या शिकारीच्या दिवसांतही?" एइनोने विचारलं. "नोव्हेंबरात तू स्वतःच्या घरी तरी सापडतोस का?"

रोक्सान हसली. "क्लाउड म्हणजे दुसऱ्यांच्या इमारतीतली यंत्रंच. प्रश्न एवढाच, की त्यांनी काय सांभाळायचं आणि तुम्ही काय. नुसतं यंत्र भाड्याने घेतलंत, तर आतली सगळी देखभाल तुमच्याच गळ्यात. दुसरा प्रकार असा, की प्रोग्रॅम तुमचा, आणि तो चालवायला लागणारं खालचं सगळं ते बघणार. तिसऱ्यात प्रोग्रॅमही त्यांचाच. उघडायचा आणि वापरायचा. मात्र तो सगळ्यांसाठी एकसारखा शिवलेला असतो."

"मग तिसरंच घेऊ. डोक्याला ताप नको," एइनो म्हणाला.

"आणि आर्विडचा प्रोग्रॅम?" व्हर्नाने विचारलं. "आपल्या एकेका घराची भट्टी त्याला पाठ आहे. तयार मालात ते कुठून येणार?"

रोक्सानने तो प्रोग्रॅम तासभर वाचला. मग म्हणाली, "तुमच्या नवऱ्याने फार चांगलं काम करून ठेवलंय. हा टाकायचा नाही. पत्ते आणि बिलं चारचौघांसारखीच आहेत, ती तयार सेवेत जाऊ देत. हा मात्र दुसऱ्या प्रकारच्या जागी चालवू."

ड्वेनचं तोंड उतरलं, पण दोन्ही नव्या जागी माहिती त्यानेच नेली. जुन्या कागदी पावत्यांशी एकेक घर ताडून पाहिलं. हरवलेली तिन्ही घरं व्हर्नाने स्वतःच्या हाताने लिहिली.

आता मी भंगार गोळा करणाऱ्या केंद्राच्या फळीवर आहे. मित्रांनो, यंत्र चालू दिसतं म्हणून ते बरोबर चालतं असं समजू नका. ते तुमच्या खोलीत असो नाहीतर दूर क्लाउडवर, त्याच्याकडे एका माणसाचं लक्ष हवंच.

मी दुकानातून निघालो त्या दिवशी रोक्सानने एक कागद भिंतीवर लावला. कोणतं काम कुठे चालेल, माहितीची नक्कल कुठे राहील, असं त्यावर लिहिलं होतं. शेवटचा रकाना होता, 'रोज कोण बघणार?' ड्वेन पेन घेऊन पुढे झाला. व्हर्नाने ते त्याच्या हातातून काढून घेतलं आणि तिथे आपलं स्वतःचं नाव लिहिलं.